दुर्लक्षित पण लाडके सिनेमे : नाव सांगा, आणि कोणी बघू नये तेही सांगा

तिसरी_रांग

मंडळी, सिनेमे सुचवणाऱ्या याद्यांना तोटा नाही. 'अफाट', 'चुकवू नये असा', 'शब्द नाहीत' एवढं लिहून लोक नाव टाकून मोकळे होतात. आपण भाबडेपणाने तो लावतो आणि विसाव्या मिनिटाला हात फोनकडे जातो. बऱ्याचदा सिनेमा चांगलाच असतो, फक्त तो भलत्या माणसाकडे भलत्या संध्याकाळी पोचलेला असतो.

म्हणून या धाग्याला एक अट घालतो. जो सिनेमा सुचवाल तो कोणी बघू नये, हेही लिहायचं. शेवट फोडायचा नाही. पुरस्कार मिळालेले चालतील, कारण पुरस्कार मिळाला म्हणजे लोकांनी बघितला असं आपल्याकडे कधीच नव्हतं.

सुरुवात माझ्यापासून. मंगेश जोशी यांचा 'लेथ जोशी'. २०१८ मध्ये थेटरात आला आणि कधी गेला कळलंही नाही. लेथ मशीनवर हातात माप असलेला एक कारागीर, त्याचा कारखाना बंद पडतो. घरात बायकोचा खाद्यपदार्थांचा व्यवसाय मात्र वाढतोय आणि तिथेही यंत्रं यायला लागली आहेत. यात खलनायक कोणी नाही, मालकसुद्धा वाईट नाही, आणि म्हणूनच तो जास्त लागतो. चित्तरंजन गिरी या नटाने जवळपास न बोलता सगळं उभं केलंय. हातातलं काम गेलेला माणूस दिवसभर हातांचं काय करतो, ते बघा.

कोणी बघू नये : 'पुढे काय झालं?' या प्रश्नावर सिनेमा चालला पाहिजे, असं ज्यांना वाटतं त्यांनी. यात पुढे फारसं काही होत नाही.

कृष्णधवल

अट आवडली. माझ्याकडून रॉबेर ब्रेसाँचा 'अ मॅन एस्केप्ड', १९५६, फ्रेंच. तिसरी_रांग, तुम्ही शेवट फोडू नका म्हणता, पण इथे दिग्दर्शकानेच तो नावात फोडून ठेवलाय! माणूस तुरुंगातून पळाला. संपलं. आणि तरीही पाऊण सिनेमाभर आपण श्वास धरून बसतो.

दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट आहे, जर्मनांच्या ताब्यातला तुरुंग. नायक एक चमचा घासून त्याची पटाशी करतो आणि तिने कोठडीच्या दाराच्या फळ्या सैल करत जातो. भुसा खाली पडला तर तो गोळा करायचा, फट दिसली तर बुजवायची. बस, एवढंच. पहारेकऱ्याच्या किल्ल्या कठड्यावर आपटत येतात, लांबून आगगाडी जाते. ब्रेसाँ बाहेरचं जग दाखवतच नाही, फक्त ऐकवतो. मुख्य भूमिकेतला फ्रांस्वा लतेरिये तेव्हा नट नव्हता, विद्यार्थी होता. ब्रेसाँला अभिनय नकोच असायचा. सत्य घटना आहे, आंद्रे दव्हिन्यी नावाच्या सैनिकाची, आणि ब्रेसाँ स्वतःही युद्धकैदी म्हणून राहून आलेला होता. चमच्याकडे तो इतक्या निगुतीने का बघतो, ते त्यावरून कळतं.

कोणी बघू नये : ज्यांना नटाच्या चेहऱ्यावर भावना वाचायच्या असतात त्यांनी. इथे चेहरा कोरा आहे. हात बघायचे.

आळशी_बोका

हातांचेच सिनेमे सुचवताय की काय दोघं? :)

निमा

वाचतेय. माझा प्रश्न वेगळा आहे. आईबाबांबरोबर बसून बघता येईल असं काही सुचवा. रडवणारं नको, मारामारी नको, पण अगदी गुळमुळीतही नको. दोघांनाही जुनं हिंदी चालतं.

मध्यंतर

निमा, सई परांजपे यांचा 'कथा', १९८३. एका चाळीत एक सरळमार्गी कारकून राहतो, नसीरुद्दीन शाह. त्याच्याकडे एक गोडबोल्या मित्र येऊन तळ ठोकतो, फारुख शेख. मूळ एका मराठी नाटकात आहे, शं. गो. साठे यांचं 'ससा आणि कासव'. सशा-कासवाची शर्यत खरोखर कोण जिंकतं, हे सई परांजपे फार मिश्कीलपणे विचारतात आणि उत्तर द्यायच्या भानगडीत पडत नाहीत. खरी मजा चाळीतल्या माणसांची आहे. दोन मिनिटांपुरतं येणारं पात्रसुद्धा आपल्या ओळखीचं निघतं.

दुसरा, जरा वेगळा चालत असेल तर, विधू विनोद चोप्राचा 'खामोश'. काश्मीरमध्ये एका सिनेमाचं शूटिंग चालू आहे आणि तिथे खून होतो. अमोल पालेकर आणि शबाना आझमी चक्क स्वतःच्याच नावाने वावरतात. खून आहेत, पण मारामारीचा सिनेमा नाही.

कोणी बघू नये : 'कथा' फारुख शेखवर मनापासून प्रेम असणाऱ्यांनी. फार त्रास होईल. 'खामोश' बघताना शेजाऱ्याला 'हाच खुनी' असं सांगायची सवय असलेल्यांनी.

अवांतर

एक शंका. 'कथा' दुर्लक्षित कसा? आमच्या पिढीला तो पाठ आहे. या हिशेबाने उद्या कोणी 'शोले' सुचवेल.

मध्यंतर

तुमच्या पिढीला पाठ आहे, कबूल. मी ऑफिसात पंचविशीतल्या पोरांना विचारतो तेव्हा त्यांना फारुख शेख हे नावच माहीत नसतं. त्यांनी काय करायचं?

रिळवाला

अवांतर यांचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. सिनेमा मागे का पडतो याची कारणं सारखी नसतात. काही सिनेमे लोकांनी बघून नाकारलेले असतात. काही लोकांपर्यंत पोचलेलेच नसतात. आणि काहींची तर रिळंच शिल्लक नसतात.

चार्ल्स बर्नेटचा 'किलर ऑफ शीप' घ्या. सत्तरच्या दशकात या माणसाने फिल्म शिक्षणाचा प्रबंध म्हणून, शनिवार-रविवारी, ओळखीपाळखीच्या लोकांना घेऊन हा सिनेमा काढला. लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय वस्तीतला, कत्तलखान्यात काम करणारा एक थकलेला बाप. पार्श्वभूमीला त्याने आवडती गाणी लावली आणि गाण्यांचे हक्क घ्यायला पैसे नव्हते. त्यामुळे इतकी वर्षं थेटरात रीतसर लावताच येईना. २००७ मध्ये हक्क मिळाले, प्रत दुरुस्त झाली आणि मग तो लागला. मधल्या काळात समीक्षक त्याचं नाव घेत होते आणि सामान्य प्रेक्षकाला तो बघायची सोय नव्हती. यातलं एक दृश्य, नवरा-बायको एका गाण्यावर हळूहळू नाचतात, ते बघितलं की त्या गाण्यांसाठी तो का अडून राहिला ते समजतं. गाणं बदललं असतं तर सिनेमाच गेला असता.

कार्ल ड्रायरच्या १९२८ च्या 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क'ची कहाणी तर सिनेमाहून भारी. मूळ निगेटिव्ह जळली. अनेक वर्षं लोक उरल्यासुरल्या तुकड्यांवरून जोडलेल्या प्रती बघत होते. १९८१ मध्ये ऑस्लोमधल्या एका मनोरुग्णालयात कपाटात डबे सापडले आणि त्यात मूळ आवृत्तीची प्रत निघाली. तिथे ती कशी गेली कोण जाणे.

आपल्याकडे कमल स्वरूप यांचा 'ओम दर-ब-दर' १९८८ मध्ये तयार झाला आणि थेटरात लागला २०१४ मध्ये. अरविंदन यांचा मल्याळी 'कुम्माट्टी', १९७९, तो २०२१ मध्ये नव्याने दुरुस्त होऊन आला. एक भटक्या म्हातारा गावात येतो आणि खेळता खेळता मुलांना प्राणी बनवतो. एक मुलगा कुत्रा होऊन राहतो. लहान मुलांबरोबर बघता येईल असे इतके सुंदर सिनेमे आपल्याकडे फार कमी आहेत. माळरान आणि आकाश यांना दिलेली जागा बघा.

कोणी बघू नये : 'ओम दर-ब-दर' अर्थ लागल्याशिवाय झोप न येणाऱ्यांनी. 'कुम्माट्टी' सबटायटल्सशिवाय बघितला तरी चालेल, त्यामुळे त्याला हरकत कोणाचीच नसावी.

आळशी_बोका

रिळवाले, 'ओम दर-ब-दर' मी बघितलाय. अर्थ लागला नाही, पण झोप छान लागली.

पल्लवी_क

+१ बोका.

'अस्तु' कोणी लिहिला नाही म्हणून लिहिते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर, २०१३. संस्कृतचे गाढे अभ्यासक असलेले चक्रपाणी शास्त्री, आता स्मृतिभ्रंश झालेला. मुलगी त्यांना गाडीत बसवून थोड्या वेळासाठी उतरते आणि ते रस्त्याने जाणाऱ्या हत्तीच्या मागे चालू लागतात. एक दिवसाची गोष्ट. इकडे मुलगी शोधतेय आणि तिकडे हे माहुताच्या बिऱ्हाडात. मोहन आगाशे यांनी विद्वानाचं मूल होणं इतकं स्वच्छ दाखवलंय की कुठेही 'बघा, आजारी माणूस' असं वाटत नाही. माहुताच्या बायकोच्या भूमिकेत अमृता सुभाष आहे, कन्नड बोलणारी. तिला यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ती त्यांची कोणी लागत नाही, त्यांचं पांडित्य तिला माहीत नाही, आणि आठवण गेलेल्या माणसाशी कसं वागायचं ते मात्र तिला सगळ्यांपेक्षा चांगलं कळतं.

कोणी बघू नये : ज्यांच्या घरात आत्ता असा रुग्ण आहे त्यांनी. किमान एकट्याने तरी नको.

उत्तररात्र

पल्लवी, शेवटच्या ओळीशी असहमत. आमच्या घरी तीन माणसं आळीपाळीने आजीचं बघत होतो. 'अस्तु' आम्ही तेव्हाच बघितला आणि त्याचा उपयोग झाला. चिडचीड फक्त आपल्याच घरात होते असं वाटत असतं. यातली मुलगीही वैतागते, थकते, स्वतःला दोष देते, आणि दिग्दर्शक तिला शिक्षा करत नाहीत. आम्हाला ते कोणीतरी सांगायला हवंच होतं.

पल्लवी_क

असंही होऊ शकतं. माझ्या मावशीला तो मध्येच बंद करावा लागला होता, म्हणून तसं लिहिलं. शिफारस करताना घर बघून करावी इतकंच.

बंड्या_प्रोजेक्टर

मला जरा स्पष्ट बोलायचंय, राग नसावा. या धाग्यावर संथ असेल तेवढा सिनेमा थोर असं चाललंय. 'विहीर' बघायला बसलो होतो. सगळ्यांनी डोक्यावर घेतलेला. शेतं, विहीर, पोरगा विचार करतोय, परत शेतं. साधी गोष्ट सांगायला लाज वाटते का लोकांना? चांगला थरारपट सुचवणं कमीपणाचं आहे का?

तिसरी_रांग

कमीपणाचं अजिबात नाही, सुचवा ना. पण 'विहीर'बद्दल भांडणार. उमेश कुलकर्णीच्या त्या सिनेमात लपंडावाचा खेळ आहे, तो शेवटपर्यंत सुटत नाही. कोण लपलंय, कोण शोधतंय, एवढंच बदलत जातं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला एक प्रश्न पडतो आणि मोठी माणसं त्याला उत्तर म्हणून दिनक्रम देतात. त्या वयात असं काही घडून गेलेल्या माणसाला तो संथ वाटत नाही. तुम्हाला वाटला, याचा अर्थ तुमचं बालपण सुखाचं गेलं असावं. चांगलंच आहे!

बंड्या_प्रोजेक्टर

हा टोमणा होता की शुभेच्छा?

कृष्णधवल

दोन्ही. बंड्या, तुमच्यासाठी खास : जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'हाय अँड लो', १९६३. कुरोसावा म्हटलं की लोक सामुराई बघतात आणि हा राहून जातो. एका बूट कंपनीतला अधिकारी घरदार गहाण टाकून कंपनी ताब्यात घ्यायच्या बेतात आहे. त्याच रात्री फोन येतो, तुझा मुलगा आमच्याकडे आहे. आणि मग लक्षात येतं की चुकून ड्रायव्हरचा मुलगा उचललाय. आता पैसे द्यायचे का? पहिला अर्धा भाग जवळजवळ एका दिवाणखान्यात घडतो. माणसं उभी कुठे आहेत, कोणाकडे पाठ करून आहेत, यावरून ताण वाढत जातो. मग सिनेमा अचानक दार उघडून शहरात धावत सुटतो आणि पोलिसी तपास सुरू होतो. कृष्णधवल सिनेमा आहे, पण एका क्षणी पडद्यावर रंग येतो. कुठे, ते सांगत नाही. मूळ कादंबरी अमेरिकन, एड मॅकबेनची.

कोणी बघू नये : पहिल्या तासात एकही पाठलाग नाही म्हणून बंद करणाऱ्यांनी.

मध्यंतर

थरारपटांत माझी भर : 'द व्हॅनिशिंग', १९८८, डच दिग्दर्शक जॉर्ज स्लाउझर. प्रवासात एका पेट्रोल पंपावर एक मुलगी गाडीतून उतरते आणि नाहीशी होते. तिचा मित्र वर्षानुवर्षं शोधत राहतो. गुन्हेगार कोण हे सिनेमा फार लवकर दाखवून टाकतो, आणि तो माणूस इतका साधा, संसारी, नीटनेटका आहे की अंगावर काटा येतो. सावध राहा : याच दिग्दर्शकाने १९९३ मध्ये हॉलिवुडसाठी हाच सिनेमा पुन्हा काढला आणि शेवट बदलून पार वाट लावली. जुनाच बघा.

कोणी बघू नये : रात्री एकटं असलेल्यांनी. कारण सांगितलं तर शेवट फुटेल.

सत्तर_एमएम

तमिळ 'आरण्य कांडम' लिहून ठेवा. २०११, त्यागराजन कुमारराजा. टोळीयुद्ध, एक दिवस. थेटरात आपटला, नंतर लोकांनी शोधून काढला. गुंडांचे संवाद गुंडांच्या गप्पांसारखे आहेत, त्यामुळे घरात मोठ्या आवाजात लावू नये. कोणी बघू नये याचंही उत्तर त्यातच आलं.

अवांतर

बरं, मीही आता धाग्याला हातभार लावतो. सगळे प्रभातचं नाव निघालं की 'संत तुकाराम' म्हणतात. बरोबरच आहे, पण शांतारामबापूंचा 'कुंकू', १९३७, कितीजणांनी शेवटपर्यंत बघितलाय? ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून. नीराचं फसवून एका म्हाताऱ्याशी लग्न लावून देतात. ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते. रडत बसत नाही, पळून जात नाही, त्याच घरात राहून नकार देते. शांता आपटेंचा तो ताठा आजच्या एखाद्या नायिकेलाही जड जाईल.

आणि तंत्र बघा. या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. बोलपट येऊन जेमतेम काही वर्षं झालेली, सगळीकडे वाद्यांचा मारा, आणि इथे जे ऐकू येतं ते त्या घरातलं किंवा रस्त्यावरचंच. घड्याळाचा आवाज म्हाताऱ्याच्या वयाची आठवण करून देत राहतो. केशवराव दाते यांनी तो म्हातारा नुसता दुष्ट केलेला नाही. त्याला आपली चूक हळूहळू कळत जाते आणि आपल्याला त्याची दयाही येते, ही गोष्ट मला जास्त अवघड वाटते. मध्येच नीरा चक्क इंग्रजीत लाँगफेलोची कविता गाते. १९३७ मध्ये! ते नाट्यगीतांच्या काळातल्या प्रेक्षकांनी कसं ऐकलं असेल याचं मला फार कुतूहल आहे.

कोणी बघू नये : खरखरता आवाज आणि ठासून केलेली शब्दफेक सहन न होणाऱ्यांनी. पहिली पंधरा मिनिटं कान बसेपर्यंत जड जातात.

रिळवाला

अवांतर, जिंकलात. आवाजांच्या वापराचा मुद्दा आला म्हणून ऋत्विक घटकांचा बंगाली 'अजांत्रिक', १९५८, आठवला. एक टॅक्सीवाला आणि त्याची खटारा गाडी, जगद्दल. माणसांशी त्याचं जमत नाही, गाडीशी जमतं. घटकांनी गाडीला ध्वनी दिलेत, ती हुंकारते, रुसते, पाणी प्यायल्यावर समाधानाने आवाज काढते. विनोदी म्हणून सुरू होतो आणि कधी घशात अडकतो कळत नाही.

कोणी बघू नये : ज्यांनी नुकतीच जुनी गाडी भंगारात काढलीय त्यांनी.

आळशी_बोका

'तुंबाड'चं काय करायचं? २०१८ मध्ये आला तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या, आणि २०२४ मध्ये परत लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा. म्हणजे आता तो या धाग्यात बसतो की नाही?

सत्तर_एमएम

नाही बसत. बाहेर काढा. कमल हासनचा 'अन्बे शिवम' पण काढा, २००३ मध्ये पडला आणि नंतर टीव्हीवर बघून बघून लोकांनी डोक्यावर घेतला.

तिसरी_रांग

बाहेर नको काढायला. 'अन्बे शिवम' मराठी माणसांत किती जणांनी बघितलाय? दोन अनोळखी माणसं, एक पुरात अडकलेला प्रवास, आणि कमल हासन-माधवन यांचं न संपणारं भांडण. निमाच्या आईबाबांनाही चालेल, फक्त थोडं रडवतो.

निमा

रडवणारा नको म्हटलं होतं हो!

अहवाल देते. 'कथा' दोघांनाही आवडला. आई म्हणाली, फारुख शेखसारखा एक भाडेकरू आमच्याकडेही होता, पण नाव सांगायला तयार नाही. काल 'खामोश' लावला. बाबांनी अर्ध्यातच खुनी ओळखला आणि ठासून सांगितला. तो खुनी नव्हता. त्यामुळे आता घरात खुनाचे सिनेमे बंद झालेत. अजून एक सांगा, हलकाफुलका, गाणी असली तर उत्तम.

मध्यंतर

मी आधीच लिहिलं होतं की शेजाऱ्याला खुनी सांगणाऱ्यांनी बघू नये. :)

अमोल पालेकर यांचा 'थोडासा रूमानी हो जाएं', १९९०. मूळ अमेरिकन नाटक आहे, 'द रेनमेकर'. दुष्काळी गावात एक लग्नाचं वय उलटत चाललेली, स्वतःला कुरूप समजणारी मुलगी. तिच्या घरी नाना पाटेकर येतो, आडनाव बारिशकर, म्हणतो पैसे द्या, पाऊस पाडून देतो. नानाला तुम्ही असा लाघवी कधी बघितला नसेल. खून नाही, हाणामारी नाही, रडवतही नाही.

कोणी बघू नये : पात्रं बोलता बोलता कवितेत शिरलेली ज्यांना खपत नाहीत त्यांनी. बाबांना आधी विचारून घ्या.